शहराचे पाणी, आपली बाग



चैत्र-वैशाखात विहीर तळाला जाते. पण शहराच्या सांडपाण्याला खंड नसतो. पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून असे पाणी हवेली-दौंडकडच्या शेतीला देण्याची योजना झाली. एका डाळिंब बागाईतदाराच्या शेजारीही शुद्धीकरण केंद्राचे पाणी आले. त्यांनी विचारले, "साहेब, फुकटचं पाणी आहे. घेऊ का?" मी म्हटले, "घ्या. पण पाण्याबरोबर काय येते त्याचा हिशेब आधी मांडू."

नाल्यातले कच्चे सांडपाणी मात्र बागेला देऊच नये. कारखान्याचे पाणी मिसळत असेल, तर जड धातूंचा धोका वेगळाच. पुढचा हिशेब शुद्ध केलेल्या पाण्याचा आहे.

खत : एकराला ५ सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे सुमारे २ लाख लिटर पाणी. लिटरमागे २० मिलिग्रॅम नत्र धरले, तर पाळीला ४ किलो नत्र मिळते. दहा पाळ्यांत ४० किलो, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या जवळजवळ दोन गोण्या. तेवढे खत हात राखून द्या. नाहीतर झाड नुसते पानांनी माजते आणि फळ मागे पडते.

क्षार : खत फायद्याचे, तसे क्षार तोट्याचे. पाण्याची विद्युतवाहकता १ असेल, तर त्याच एका पाळीत सुमारे १२८ किलो क्षार जमिनीत उतरतात. दहा पाळ्यांत बारा क्विंटलांच्या वर! निचरा नसलेली काळी जमीन अशाने खारवट होते. म्हणून आधी चर काढा, विहिरीचे पाणी मिसळून द्या आणि दरवर्षी माती तपासून घ्या. डाळिंब, चिकू क्षारांना त्या मानाने सोशिक. लिंबू, संत्रा, मोसंबी नाजूक.

जंतू : कच्च्या खाण्याच्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली मर्यादा सांगितली होती : १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतील कोलिफॉर्म जंतू १,००० पेक्षा जास्त नसावेत आणि लिटरमागे जंताचे अंडे एकापेक्षा जास्त नसावे. पाणी दिसायला नितळ असले, तरी हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून कोथिंबीर, मुळा, गाजर, कांद्याची पात यांना हे पाणी नको. फळझाडांना ठिबकने द्यावे आणि वाळूची गाळणी बसवावी. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात. तोडणीपूर्वी दोन आठवडे हे पाणी बंद ठेवावे. खाली पडलेले फळ विकू नये, मुलांनाही देऊ नये. काम करणाऱ्यांनी पायात बूट घालावेत आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.

आमचे बोलणे चालले असता घरधनीण म्हणाल्या, "भाऊ, बागेच्या कडेला माझा कोथिंबिरीचा वाफा आहे. त्याच नळीचं पाणी त्याला जातं. नातवंडं तिथूनच खुडून खातात." आम्ही पुरुषमंडळी एकराचा हिशेब करीत होतो, घरातल्या ताटाचा हिशेब त्यांनी केला. त्याच संध्याकाळी नळी तोडली आणि वाफा विहिरीच्या पाण्यावर घेतला.

तेव्हा मोटार जोडण्यापूर्वी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. क्षारांच्या तपासणीला स्वच्छ बाटली चालते. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. पाणी फुकट मिळाले, तरी जमीन आणि घरची माणसे फुकटची नाहीत.