रुपयाला दुसरं चिन्ह नको

रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया आल्यापासून एक मागणी अधूनमधून कानावर येते. चलन नव्या जमान्याचं आहे, तर त्याला चिन्हही नवं हवं. आणि जगाच्या बाजारात ओळखू यावं म्हणून रुपयाच्या आयएनआर या संकेतापेक्षा वेगळा तीन अक्षरी संकेतही हवा. हीच मंडळी पुढे असंही ऐकवतात, की बिटकॉइन हे चलनच नव्हे, त्याला ₿ हे चिन्ह मिळणं म्हणजे सट्ट्याला प्रतिष्ठा देणं. मला दोन्ही म्हणणी अमान्य आहेत. डिजिटल रुपयाला नवं काही नको आणि बिटकॉइनला हवं, असं माझं मत आहे.

पूर्वपक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी घेऊ. खात्यातली ठेव हे त्या बँकेचं देणं, तर डिजिटल रुपया हे थेट रिझर्व्ह बँकेचं देणं. या दोहोंतला फरक काय असतो, हे महाराष्ट्रात सहकारी बँकेत पैसे अडकलेल्या कुठल्याही ठेवीदाराला विचारा. जोखीम वेगळी, मग संकेत एकच कसा? मुद्दा खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. खिशातली शंभराची नोटसुद्धा रिझर्व्ह बँकेचंच देणं आहे, तरी नोटेला एक संकेत आणि ठेवीला दुसरा असं कुणी केलं नाही. शिवाय २०२२ साली रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती झाली ती ‘बँक नोट’च्या व्याख्येत डिजिटल रूपाचा समावेश करून. म्हणजे कायद्याच्या लेखी ही नोटच, फक्त कागदाची नाही. १ डिसेंबर २०२२ला मुंबई, नवी दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर इथे किरकोळ वापराची चाचणी सुरू झाली, तेव्हाही हा रुपया नोटा-नाण्यांच्याच दर्शनी किमतींत काढला गेला.

आयएसओ ४२१७ या प्रमाणातला तीन अक्षरी संकेत एककाला मिळतो. ते एकक कशावर छापलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुर्कस्तानने २००५ साली लिराची सहा शून्यं उडवली, जुने दहा लाख म्हणजे नवा एक झाला, तेव्हा टीआरएल जाऊन टीआरवाय आला. एकक बदललं, संकेत बदलला. आपल्याकडे ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या, देश रांगेत उभा राहिला, पुढे नव्या रंगाच्या नोटा आल्या. आयएनआरचं एक अक्षर हललं नाही, कारण रुपया तोच होता.

वेगळा संकेत निरुपद्रवी असता तर मी इतका अडून बसलो नसतो. पण दोन संकेत म्हटले, की हिशेबाच्या प्रणालीला ती दोन चलनं वाटतात. दोन चलनं आली, की मधे विनिमय दराचा रकाना येतो. आज त्यात १ भरलेला असेल. उद्या एखादी बँक घाबरवणाऱ्या बातमीच्या दिवशी तिथे ०.९९ भरणार नाही, याची हमी कोण देणार? रुपया हातातला असो, खात्यातला असो वा मोबाइलमधला, बरोबर एका रुपयाला एक रुपया मिळतो यावरच तर सगळा डोलारा उभा आहे. फरक नोंदवायचाच असेल तर व्यवहाराचा प्रकार सांगणाऱ्या रकान्यात नोंदवा.

चिन्हाचंही तेच. रिझर्व्ह बँकेने ₹च्या आधी छोटं रोमन ‘ई’ जोडलं. त्याआधी, ऑगस्ट २०२१ मध्ये, एनपीसीआय या पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेची ‘ई-रुपी’ नावाची प्रीपेड व्हाउचर योजना सुरू झालेली होती. एक व्हाउचर, दुसरं चलन. तोंडाने म्हणायला दोन्ही एकच. दुकानदाराला फरक समजावून सांगा पाहू! संयुक्त अरब अमिरातीने मार्च २०२५ मध्ये दिरहमचं नवं चिन्ह जाहीर केलं आणि डिजिटल दिरहमसाठी त्याच चिन्हाभोवती झेंड्याच्या रंगांचं वर्तुळ काढलं. दिसतं देखणं. पण रंगीत वर्तुळ बिलाच्या ओळीत टाइप करता येत नाही. ते बोधचिन्ह झालं, अक्षर नव्हे.

बोधचिन्ह आणि अक्षर यांतला फरक आपण एकदा भोगलेला आहे. उदयकुमार यांनी काढलेलं ₹ मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी मंजूर केलं. चिन्ह आलं, पण संगणकात त्याला जागा नव्हती. मग हौशी लोकांनी फॉन्ट काढले, त्यात टॅबच्या वरची कळ दाबली की ₹ उमटायचा. तीच फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की पाचशेच्या आधी नुसता एक तिरका फराटा! संगणकातल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं प्रमाण म्हणजे युनिकोड; त्याच्या ऑक्टोबर २०१०च्या ६.० आवृत्तीत ₹ला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि फॉन्टवाल्यांनी तो हळूहळू स्वीकारला, तेव्हा कुठे हा गोंधळ मिटला. (मोडी कागदपत्रांत वापरली जाणारी जुनी रुपयाची खूण त्याच्या आदल्याच वर्षी युनिकोडमध्ये गेली होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.) इतक्या सायासांनी जागेवर बसलेलं चिन्ह आता पुन्हा कशाला उठवायचं?

आता बिटकॉइन. त्याचं एकक स्वतंत्र आहे, तेव्हा त्याला स्वतंत्र खूण लागणारच. सुरुवातीच्या वर्षांत लोक सर्रास ฿ वापरायचे, आणि ते तर थायलंडच्या बाहतचं चिन्ह! २०१५ साली केन शिरिफ यांनी युनिकोडकडे प्रस्ताव दिला आणि जून २०१७ मध्ये ₿ दाखल झालं. लोक ते मजकुरात अक्षरासारखं वापरतात, एवढं दाखवणं पुरेसं होतं. बिटकॉइन चांगलं की वाईट हा प्रश्न तिथे गैरलागू. चिन्ह म्हणजे पुरस्कार नव्हे. आयएसओच्या यादीत सोन्याला एक्सएयू आहे, पॅलॅडियमला एक्सपीडी आहे, ‘कुठलंच चलन नाही’ यालाही एक्सएक्सएक्स आहे.

बीटीसी या रूढ संकेताचं समर्थन मात्र मी करणार नाही. आयएसओच्या पद्धतीत पहिली दोन अक्षरं देशाची असतात आणि बीटी म्हणजे भूतान. तिथल्या ङुलट्रमचा संकेत बीटीएन. देशाशी न जोडलेल्या गोष्टींसाठी एक्स राखीव आहे, म्हणून एक्सबीटी हेच नियमाला धरून. त्याला अधिकृत मान्यता नाही आणि बाजारात बीटीसीच जिंकला, हे मान्य. (गंमत अशी, की भूतान सरकारच्या गुंतवणूक कंपनीनेच पुढे जलविद्युतवर बिटकॉइनचं खाणकाम केलं.) पण बीटीसी चालला म्हणून प्रत्येक क्रिप्टो टोकनला तीन अक्षरं वाटायला निघालात, तर एक्सनंतरच्या दोन अक्षरांच्या जोड्या होतात अवघ्या ६७६, आणि टोकनं हजारोंनी आहेत. त्यांच्यासाठी आयएसओ २४१६५ हे निराळं प्रमाण आहे, नऊ वर्णांचं. माणसाने ते वाचावं अशी अपेक्षाच नाही. यंत्राने चुकू नये, एवढंच त्याचं काम. दशांशाचा प्रश्नही तसाच. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात, म्हणजे आठ दशांश स्थळं. पैशापर्यंतच मोजणाऱ्या, दोन दशांशांच्या हिशेबप्रणालीत ते कोंबलं की सातोशी गडपच होतात.

तेव्हा रिझर्व्ह बँकेने ₹च्या आधीचं ‘ई’ काढून टाकावं. वॉलेटच्या पडद्यावर आणि पावतीवर ग्राहकाच्या भाषेत ‘डिजिटल रुपया’ असं स्वच्छ छापावं, रकमेआधी नेहमीचाच ₹ ठेवावा, आणि संकेताच्या रकान्यात आयएनआरच राहू द्यावा.