पाटीवरचं नाव

आमच्या वर्धेकडे कुणी आजारी पडलं की लोक सांगतात, "सेवाग्रामला भरती केलं" नाहीतर "सावंगीला नेलं". सेवाग्रामचं ते कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. पण पेशंटला ऑटोत घालताना एवढं नाव घेतं कोण? नागपुरात तर आणखी गंमत. मेयोला इंदिरा गांधींचं नाव देऊन जमाना झाला, तरी ऑटोवाल्याला "मेयो" म्हटलं की लगेच कळतं. हा मेयो १८६९ ते १८७२ या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता, हे मात्र त्या ऑटोवाल्यालाही माहीत नसतं आणि आत झोपलेल्या पेशंटलाही.

तरीही दर थोड्या दिवसांनी कुठे ना कुठे मागणी निघतेच. अमुक माजी मंत्र्यांचं, तमुक माजी अधिकाऱ्यांचं नाव सरकारी दवाखान्याला द्या. निवेदन, ठराव, फोटो. माझा नावाला विरोध नाही. घाईला आहे.

डॉ. सुशीला नायर यांचंच बघा. १९६२ ते १९६७ त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. म्हणजे 'माजी पदाधिकारी' या व्याख्येत चपखल बसणाऱ्या. गांधीजींच्या डॉक्टर, आगाखान पॅलेसमध्ये त्यांच्यासोबत कैदेत होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा तिथेच गेल्या. पुढे सेवाग्रामला दवाखाना उभा राहिला, त्याला नाव दिलं कस्तुरबांचं. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुशीलाबाईंनी तिथे मेडिकल कॉलेज काढलं, त्याला नाव दिलं महात्मा गांधींचं. मंत्रिपद गेल्यावर बाई खेड्यात येऊन कॉलेज काढतात आणि पाटीवर स्वतःचं नाव नाही! तिथल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना आश्रमात राहावं लागतं, खादी घालावी लागते, गाव दत्तक घ्यावं लागतं. आसपासच्या गावांनी तर आरोग्य विम्याची वर्गणी ज्वारीत भरलेली आहे.

३ जानेवारी २००१ ला सुशीलाबाई वारल्या. आज त्यांच्या नावानं सेवाग्रामला सार्वजनिक आरोग्याचा विभाग आहे आणि मेळघाटात उतावलीला दवाखाना आहे. हे नाव कुणाला खटकत नाही, कारण आधी काम झालं आणि नाव मागून आलं.

आम्ही कोड लिहिणारे लोक नावांवरून तासन् तास भांडतो. पण एक गोष्ट पहिल्याच वर्षी कळते: फंक्शनचं नाव बदललं म्हणून त्यातला बग जात नाही. २०१८ पासूनच्या हेल्थ अँड वेलनेस सेंटरांचं नाव २०२३ मध्ये 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालं. पाट्या बदलल्या, ठीक. पण सपाट प्रदेशात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं असा निकष आहे. त्या तीस हजारांपैकी एखाद्या बाईला रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर ती पाटी वाचत नाही, आत लाइट आहे का ते बघते.

मी हे अनुभवलंय. माझ्या आजीला एकदा रात्री अशाच एका दवाखान्यात नेलं होतं. नाव कुठलं ते सांगत नाही. पाटी झकास होती, नवीन रंग, खाली उद्घाटन करणाऱ्यांची नावं. आत डॉक्टर नव्हते. तिथून पुढे तास-दीड तासाचा रस्ता. आजी वाचली, पण त्या पाटीवरची नावं मला आजही पाठ आहेत. ज्यांच्या सन्मानासाठी ती लावली होती त्यांची माझ्या घरात अशी आठवण राहिली. हा कसला सन्मान?

तुम्ही म्हणाल, मग नावंच द्यायची नाहीत का? द्या की. जमशेटजी जीजीभॉय, डेव्हिड ससून यांनी खिशातून पैसे दिले, नावं राहिली. अधिकाऱ्यानं साथीच्या काळात जीव तोडून काम केलं असेल तर त्याचंही जरूर द्या. फक्त दोन अटी घाला. त्या माणसाचा त्या जागेच्या आरोग्याशी खरा संबंध हवा. आणि पाटी लागण्याआधी डॉक्टर, नर्स, औषधं नि अँब्युलन्स चोवीस तास हजर हवी.

दुसरी अट पाळली तर पाट्या बऱ्याच कमी लागतील. पण ज्या लागतील त्या लोक वाचतील, आणि हात जोडतील.

असो. बघा पटतंय का.