लेखनिक शोधायचा कुणी?

दहावीला दृष्टिहीन मुलाला लेखनिक लागला की मुख्याध्यापक नववीच्या वर्गात डोकावतात, बऱ्या अक्षराचं एखादं पोरगं निवडतात आणि बोर्डाकडे कागद रवाना करतात. घरच्यांना फारशी धावपळ पडत नाही. तोच मुलगा आर्वीहून बी.कॉम.साठी वर्ध्याला आला, की हिवाळी परीक्षेच्या तोंडावर ऑफिसच्या खिडकीतून बहुधा एकच उत्तर येतं : लेखनिक तुमचा तुम्ही आणा.

कुठून आणायचा? गाव सुटलेलं, वर्गात ओळखी अजून व्हायच्या. त्यात केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्वतः आणलेला लेखनिक परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी शिकलेला हवा. कॉपीला आळा म्हणून नियम ठीक. पण अकाउंट्सच्या पेपराला कला शाखेचा लेखनिक बसला, तर नावे-जमेचे रकाने समजावण्यातच तासामागे मिळणारी जादा २० मिनिटं संपतात. त्याच सूचनांप्रमाणे लेखनिक परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेकडेही मागता येतो, पेपरच्या दोन दिवस आधी त्याला भेटताही येतं. खिडकीवर हे सांगत नाहीत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना १८ व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण दिलं. पुढे सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत किमान ५ टक्के जागा राखल्या. याच वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेत सात वर्षांच्या मोफत, सक्तीच्या शिक्षणाचा ठराव झाला होता. तिथून इथवर आलो, हे थोडं नाही. मात्र शाळेत आपसूक होणारी कामं कॉलेजात अर्ज करून मिळवावी लागतात, हे त्या पोराला कुणी सांगत नाही. त्याची सगळी माहिती असलेली फाइल शाळेच्या कपाटातच राहते.

ती दाखल्यासोबत कॉलेजात यावी, आणि लेखनिक हवा का हे प्रवेशाच्या अर्जातच विचारावं. माणसं आवारातच आहेत. वर्ध्यात सीनियर आणि ज्युनियर कॉलेज अनेकदा एकाच छताखाली भरतं. प्रथम वर्षाच्या मुलाला त्याच शाखेतला बारावीचा विद्यार्थी चालू शकतो. वरच्या वर्षांसाठी एनएसएसची मुलं घ्यावीत आणि हे काम त्यांच्या वर्षाच्या १२० तासांत धरावं. आज झाडं लावण्याचे तास धरतातच ना!

प्राचार्य म्हणतील, अशी मुलं आहेतच किती? थोडी असतील, तर यादी ऑगस्टमध्येच तयार व्हायला हरकत काय?