डोसा आणि पंक्तिप्रपंच

‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द आतां कोशापुरताच उरला आहे, असें माझे एक तरुण सहाध्यापक गेल्या महिन्यांत मोठ्या समाधानानें म्हणाले. एकाच पंक्तीस बसलेल्या दोघांपैकीं एकाच्या पानांत तुपाची धार आणि दुसऱ्याच्या पानांत नुसता भात, हा प्रकार त्यांनीं आजीच्या तोंडून ऐकलेला; डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं. त्यांचें समाधान मोडणें माझ्या जिवावर आलें. परंतु ज्या ठिकाणीं बसून ते हें बोलत होते, त्याच ठिकाणीं या शब्दाचा जिवंत अर्थ आमच्यापुढें वाढून ठेवलेला होता, आणि तो आम्हां दोघांनाही दिसला नाहीं. म्हणून हा लेखनप्रपंच.

तें ठिकाण म्हणजे आमच्या महाविद्यालयापासून हांकेच्या अंतरावर असलेलें दाक्षिणात्य डोशाचें एक साधें उपाहारगृह. अशा गृहांना आपल्याकडे सरसकट ‘उडप्याचें हॉटेल’ म्हणतात. मग मालक उडुपीचा असो, पालघाटचा असो कीं सोलापूरचा असो. तेथील तळमजल्यावरच्या दालनांत सकाळीं न्याहारी करण्याचा परिपाठ मीं तीस वर्षें ठेवला. तेथें टेबल कोणाच्याच मालकीचें नसतें. चार खुर्च्यांपैकीं जी रिकामी दिसेल ती ओढावी, समोरच्या अनोळखी माणसाकडे पाहून मान हलवावी आणि बसावें. पलीकडे भल्या थोरल्या लोखंडी तव्यावर पाण्याचा शिपका पडतो, खराट्याचा एक हात फिरतो, रात्रभर आंबलेल्या तांदूळ-उडदाच्या पिठाचें वर्तुळ मध्यापासून कडेकडे वाढत जातें, आणि एका ओळींत सहा डोसे एकदम भाजले जातात. त्यांतला कोणता वकिलाचा आणि कोणता हमालाचा, हें भाजणाराही सांगूं शकत नाहीं. मग बादली आणि पळी घेऊन एक मुलगा फिरतो व ज्याची वाटी रिकामी त्याच्या वाटींत सांबार ओततो. परीक्षेसाठीं पहाटेच्या एस. टी.नें आलेल्या एका मुलीचे वडील, फेटा मांडीवर ठेवून, ‘ह्यो कसा खायाचा?’ असें शेजारच्या बँकेंतल्या साहेबांना विचारतांना मीं पाहिले आहेत. आणि त्या साहेबांनीं काटाचमचा बाजूला सारून, हातानें तुकडा मोडून दाखविलेलाही पाहिला आहे. समाजशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथानें मला इतका आनंद दिलेला नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं मालकानें माडीवर वातानुकूलित कक्ष काढला. पीठ तेंच, तवा तोच, बटाट्याची भाजीही तीच. डोसा मात्र माडी चढतांना दीडपट महाग होतो. वर बादली येत नाहीं. चिनी मातीच्या वाटींत सांबार एकदांच येतें, आणि दुसऱ्यांदा मागावयाचें झाल्यास त्याचे पैसे पडतात. म्हणजे वरचा गिऱ्हाईक अधिक देतो आणि कमी खातो. मग तो वर कां जातो? थंड हवेसाठीं, असें तो म्हणतो. मीही म्हणत असें. उत्तर काय आहे तें मला त्या दिवशीं कळलें.

माझे सहाध्यापक आणि मी वर बसलों होतों. जिन्यावरून एक रंगारी आला. वय पन्नाशीचें, अंगावर कामाचेच कपडे, त्यांवर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे, पण हात स्वच्छ धुतलेले. वाढप्यानें त्याला दारांतच अडविलें आणि ‘खालीं बसा’ म्हणून सांगितलें. ‘पैसे देतों ना,’ तो म्हणाला. ‘जागा नाहीं,’ वाढपी म्हणाला. त्या वेळीं तीन टेबलें रिकामीं होतीं. रंगाऱ्यानें तीं तिन्ही टेबलें पाहिलीं, मग आम्हां बसलेल्यांकडे एकदां पाहिलें, आणि तो खालीं गेला. कोणीही कांहीं बोललें नाहीं. माझा डोसा तेवढ्यांत आला, आणि मीं तो खाल्ला.

वाढप्याला दोष देऊन मोकळें होणें फार सोपें आहे. पण तो बिचारा काय करतो? आमच्या मनांत जें आहे तें तो आमच्या वतीनें करतो. तो रंगारी शेजारीं बसला असता तर आमच्यांतलें एखादें कुटुंब उद्यां आलें नसतें, हा मालकाचा हिशेब आहे. आणि हा हिशेब चुकीचा आहे, असें छातीवर हात ठेवून आमच्यांतील किती जण म्हणूं शकतील?

ज्यांना हा प्रसंग क्षुल्लक वाटेल, त्यांनीं आपल्याला तें खालचें टेबल किती महाग पडलेलें आहे, याचा एकदां विचार करावा. १८४९ सालीं मुंबईंत परमहंस सभा निघाली. तींत प्रवेश करणाराला परक्या हातचा पाव खाऊन दाखवावा लागे, आणि तोही दारें लावून. सभासदांचीं नांवें बाहेर फुटतांच त्या सभेचा अंत झाला. १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें शहरांतील कांहीं प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा आला. त्याचें ग्रामण्य माजलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि न्यायमूर्ति रानड्यांसारख्या पुरुषालाही शेवटीं प्रायश्चित्त घ्यावें लागलें. त्यानंतर अवघ्या बावन्न वर्षांनीं, १९४२ सालीं, माटुंगा स्थानकाजवळ ए. रामा नायक यांनीं आपलें श्रीकृष्ण बोर्डिंग उघडलें. त्याच्या आगेंमागें मुंबईंत निघालेल्या अशा गृहांनीं दक्षिणेकडून पोटासाठीं आलेल्या एकट्या माणसांची जेवणाची सोय केली, आणि पुढें हळूहळू साऱ्या शहराला एका टेबलाशीं बसण्याची संवय लाविली. शेजारीं कोण बसला आहे याची चौकशी न करतां घांस तोंडांत घालणें, ही गोष्ट सुधारकांच्या व्याख्यानांनीं जितकी शिकविली त्याहून अधिक या स्वस्त डोशानें शिकविली, असें माझें स्पष्ट मत आहे.

मात्र या गृहांची पूजा बांधण्याचा माझा हेतु नाहीं. हा उदारपणा त्यांच्या अंगीं जन्मतः नव्हता. दक्षिणेंतल्या कितीएक उपाहारगृहांच्या पाटीवर ‘ब्राह्मण’ हा शब्द ठळक अक्षरांत असे. तो काढून टाकावा म्हणून १९५७ सालीं मद्रासेंत पेरियार रामस्वामींच्या अनुयायांना एका हॉटेलापुढें आंदोलन करावें लागलें व तुरुंगांत जावें लागलें. ज्या उडुपीचें नांव आपण या हॉटेलांना देतों, तेथील श्रीकृष्णाच्या देवस्थानांतील पंक्तिभेदाविरुद्ध २०१४ सालींही निदर्शनें झालीं. १९५० सालीं अमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत, जातीच्या किंवा धर्माच्या कारणावरून कोणालाही मज्जाव करतां येणार नाहीं अशा जागा सांगतांना, सार्वजनिक उपाहारगृहांचा नांवानिशीं उल्लेख आहे. घटनाकारांना हा विषय क्षुल्लक वाटला नव्हता. सारांश, तें टेबल आपोआप मिळालेलें नाहीं. तें कोणीतरी भांडून मिळविलेलें आहे, आणि भांडून मिळविलेली वस्तु सांभाळली नाहीं तर ती जाते.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, हॉटेल म्हणजे अन्नछत्र नव्हे; जो अधिक पैसे टाकील त्याला अधिक सुख मिळालें तर बिघडलें कोठें? माझें उत्तर असें कीं, रंगारीही पैसे टाकावयास तयार होता. वरच्या दराचा खरा माल थंड हवा हा असता, तर ती त्याला विकतां आली असती. तेथें विकला जाणारा माल निराळाच आहे, आणि तो म्हणजे त्या माणसाची गैरहजेरी. आम्ही डोशाची किंमत खालच्याइतकीच देतों. वरचे पैसे देतों ते कोण शेजारीं बसणार नाहीं याबद्दल.

दुसरा आक्षेप कराचा. वातानुकूलनामुळें सरकारच जास्त कर घेतें, मग मालकानें काय करावें, असें मला आजही ऐकवितात. ही समजूत जुनी झाली. जुलै २०१७ मध्यें वस्तु व सेवा कर आला, तेव्हां साध्या उपाहारगृहाला १२ टक्के आणि वातानुकूलित गृहाला १८ टक्के असा भेद होता खरा. परंतु १५ नोव्हेंबर २०१७ पासून तो भेद काढून अशा दोन्ही गृहांना ५ टक्के हा एकच दर लावण्यांत आला. सरकारनें जो पंक्तिप्रपंच साडेचार महिन्यांत सोडला, तो आम्हांला इतक्या वर्षांत सोडवत नाहीं. विजेचा खर्च येतो, हें मला मान्य आहे. मग हवा सर्वांनाच थंड द्यावी आणि प्रत्येक डोशामागें दोनचार रुपये वाढवावे. उकाडा कांहीं माडीपुरताच नसतो; आणि दिवसभर उन्हांत शिडीवर उभ्या राहिलेल्या माणसाला तो आमच्याहून कमी होत असेल, असें मानण्यास कांहीं आधार नाहीं.

तिसरा आक्षेप रसिकांचा आहे, आणि तो सर्वांत सोज्ज्वळ दिसतो. आम्हांला माणसांशीं कर्तव्य नाहीं, ते म्हणतात; आम्हांला फक्त अस्सल डोसा पाहिजे, आणि तो खालच्या गर्दींत मिळत नाहीं. या अस्सलपणाचीही थोडी झडती घेऊं. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत ‘धोसक’ आहे. पण तो डाळीचा आहे. बटाटा आणि मिरची हीं दोन्ही अमेरिका खंडांतलीं. युरोपीय गलबतें येण्यापूर्वीं तीं आपल्याकडे नव्हतींच. तेव्हां मसाला डोशाचा अस्सलपणा कोणत्या शतकापासून मोजावयाचा? खरें असें आहे कीं, जो पदार्थ इतक्या घरांत फिरला, ज्यानें परक्या भाजीला पोटांत जागा दिली, तो मिसळण्यानेंच मोठा झालेला आहे. आणि त्याच्याच नांवानें आम्ही न मिसळण्याचा हट्ट धरतों. आमच्या आजीचें सोवळें दोरीवर वाळत असे, म्हणून तें निदान डोळ्यांना दिसे तरी. आमचें सोवळें जिभेवर आहे, आणि त्याला आम्ही रसिकता म्हणतों.

चौथा आक्षेप एकांताचा. आपल्या माणसांशीं दोन शब्द बोलावे, मुलाबाळांना निवांत खाऊं द्यावें, ही इच्छा निंद्य नाहीं, आणि तिच्यावर माझा रोष नाहीं. पण एकांतासाठीं घर आहे. शहरांत अनोळखी माणसाशेजारीं बसून जेवण्याच्या जागा आधींच थोड्या. शाळा निराळ्या झाल्या, दवाखाने निराळे झाले, वसाहतींना फाटकें आणि पहारेकरी आले. आमचीं मुलें वीस वर्षांचीं होईपर्यंत, जो आपल्याला कांहीं विकत नाहीं किंवा आपलें काम करीत नाहीं अशा गरीब माणसाशीं एक वाक्यही बोललेलीं नसतात. ज्या एका टेबलावर तें वाक्य घडूं शकत होतें, तें आम्ही स्वतः जास्त पैसे मोजून सोडून देत आहों.

मी स्वतः त्या दिवसापासून खालीं बसतों. त्यांत पराक्रम कांहीं नाहीं. सांबारही खालीं अधिक मिळतें. तो रंगारी मला पुन्हां दिसला नाहीं, आणि दिसला असता तर मीं काय बोललों असतों, हेंही मला सांगतां येत नाहीं. माझे सहाध्यापक अजून वर बसतात व मला हट्टी म्हणतात. त्यांना आणि वाचकांपैकीं जे त्यांच्या बाजूचे असतील त्यांना माझी एकच विनंति आहे. आपल्या घरीं धुणींभांडीं करणारी बाई असेल, तर येत्या रविवारीं सहकुटुंब डोसा खावयास निघतांना तिलाही बरोबर घ्यावें; नोकर म्हणून नव्हे, मूल सांभाळण्यासाठीं नव्हे, तर आपल्याच टेबलाशीं, आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसण्यासाठीं. जिन्याच्या पायथ्याशीं पोंचल्यावर आपली पावलें वर वळतात कीं खालच्या दालनाकडे वळतात, आणि तिला बरोबर घेण्याचा विचार मुळांत आपल्याला घराबाहेर तरी पडूं देतो कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें पाहावें. पंक्तिप्रपंच हा शब्द कोशांतून काढून टाकावयाचा कीं नाहीं, तें मग ठरवूं.