वीजघराच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

विजेचे बटण दाबले की दिवा लागतो, डाळमिलचा पट्टा फिरू लागतो आणि शीतगृहातील माल टिकून राहतो. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की, त्या बटणाच्या पाठीमागे काय चालते याचा विचार करण्याचे आपणांस सहसा कारण पडत नाही. परंतु तेथील व्यवस्था आता पार पालटून गेली आहे. एके काळी उपकेंद्रात माणूस बसे आणि मापकाच्या काट्याकडे पाहून हाताने स्विच ओढी. आज अनेक उपकेंद्रांचा कारभार दूरच्या नियंत्रण-कक्षातून चालतो आणि आज्ञा पोहोचविण्याचे काम संगणक करतो. या संगणकांच्या आज्ञावलींत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, जे दोष राहून जातात ते केवळ इंजिनियर लोकांच्या चिंतेचे विषय आहेत, असे समजून स्वस्थ बसणे व्यापारी वर्गास परवडणारे नाही, असे माझे मत आहे. मी या शास्त्राचा पंडित नव्हे. तथापि कुलूप, किल्ली, माप आणि पत या चार गोष्टींशी ज्याचा जन्मभर संबंध आला, त्याला या प्रश्नाचे मर्म कळणे अवघड नाही.

प्रथम ही यंत्रणा काय आहे ते थोडक्यात पाहू. वीजकेंद्र, तेलवाहिनी, शुद्धीकरणाचा कारखाना अशा ठिकाणी पीएलसी नावाच्या लहान लहान पेट्या बसविलेल्या असतात. दाब किती, उष्णता किती, प्रवाह किती हे पाहून ती पेटी झडप उघडते किंवा मिटते. अशा अनेक पेट्यांवर दुरून देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेस स्काडा म्हणतात. यांतील पुष्कळ साधनांची घडण अशा काळात झाली की, तेव्हा त्यांचा कारखान्याच्या भिंतीबाहेर कोणाशी संबंधच येत नसे. मॉडबस ही या पेट्यांची बोली १९७९ साली निघाली आणि ती आजही जगभर प्रचारात आहे. आज्ञा करणारा कोण, त्याला तो अधिकार आहे काय, हे विचारण्याची सोय मूळ मॉडबसमध्ये नाही. समोर आलेली कोणतीही चिठ्ठी, सही न पाहता वटविणारा मुनीम जसा, तशी ही व्यवस्था. पेढीचे दार बंद होते तोवर त्या मुनिमापासून भय नव्हते. पुढे सोयीसाठी दार इंटरनेटकडे उघडले गेले, आणि मुनीम मात्र तोच राहिला.

याचा परिणाम काय होतो, हे युक्रेन देशाने अनुभविले. २०१५ सालच्या २३ डिसेंबर रोजी, ऐन हिवाळ्यात, तेथील तीन वितरण कंपन्यांच्या सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज काही तास गेली. घुसखोरांनी कित्येक महिने आधी कर्मचाऱ्यांना ई-मेलमधून कागदपत्रे धाडली होती. ती उघडताच संगणकात विषारी आज्ञावली शिरली आणि तिच्या साह्याने परवलीचे शब्द हस्तगत करण्यात आले. ठरल्या दिवशी नियंत्रण-कक्षातील माणसे पाहत असतानाच पडद्यावरील बाण आपोआप फिरू लागला आणि एकामागून एक ब्रेकर उघडत गेले. ग्राहकांनी तक्रार करू नये म्हणून टेलिफोनवर खोट्या कॉल्सचा भडिमार झाला. उपकेंद्रांपर्यंत आज्ञा नेणाऱ्या उपकरणांची अंतर्गत आज्ञावलीही पुसून टाकण्यात आली. मग वीज परत कशी आली? कंपन्यांची माणसे मोटारीत बसून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर लावले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

पुढच्याच वर्षी, १७ डिसेंबर २०१६ रोजी, राजधानी कीव्हचा काही भाग सुमारे तासभर अंधारात गेला. या खेपेस पडद्यावरचा बाण फिरविण्याचीही गरज उरली नव्हती. इंडस्ट्रॉयर हे नाव पडलेली आज्ञावली स्वतःच उपकेंद्रातील यंत्रांची बोली बोलत होती. तिच्या हत्यारांत सीमेन्स कंपनीच्या संरक्षक रिलेला निश्चेष्ट करण्यासाठी बनविलेले एक साधनही आढळले. ज्या दोषावर ते बेतलेले होते, तो दोष व त्यावरील दुरुस्ती २०१५ सालीच प्रसिद्ध झालेली होती.

२०१७ साली सौदी अरेबियातील एका पेट्रोरसायन कारखान्यात याहून भयंकर प्रकार घडला. स्फोट किंवा वायुगळतीचा धोका उत्पन्न होताच कारखाना थांबविणारी एक स्वतंत्र सुरक्षा-यंत्रणा असते. तेथील ट्रायकोनेक्स नावाच्या सुरक्षा-यंत्रणेतच घुसखोर शिरले. तिच्यात तोवर अज्ञात असलेला एक दोष त्यांनी वापरला हे खरे. परंतु त्या यंत्रावर एक साधी धातूची किल्लीही होती. ती ‘प्रोग्रॅम’ या खुणेवर ठेवलेली असल्यामुळेच बाहेरून आज्ञावली बदलता आली. घुसखोरांच्याच एका चुकीने कारखाना आपोआप बंद पडला आणि बिंग फुटले, म्हणून माणसे वाचली. कोट्यवधी रुपयांची यंत्रणा आणि किल्ली मात्र तिजोरीलाच लटकत राहिलेली! हा दोष सॉफ्टवेअरचा की शिस्तीचा, याचा प्रत्येकाने विचार करावा.

अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइनचे उदाहरण तर व्यापाऱ्यांनी विशेष अभ्यासण्यासारखे आहे. सुमारे ५,५०० मैल लांबीची ही तेलवाहिनी ७ मे २०२१ रोजी कंपनीने स्वतः होऊन बंद केली. खंडणीखोरांनी तिच्या कचेरीच्या संगणकांना कुलूप घातले होते. ते आत शिरले एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. त्या खात्याला परवलीच्या शब्दाखेरीज दुसरी कोणतीही तपासणी नव्हती. कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी भरली. त्यातील मोठा भाग सरकारने पुढे परत मिळविला. परंतु पाच-सहा दिवसांत पेट्रोल-पंपांपुढे रांगा लागल्या. प्लास्टिकच्या पिशव्यांत पेट्रोल भरू नका, अशी सूचना तेथील सरकारी आयोगाला काढावी लागली. टंचाईपेक्षा टंचाईची वार्ता बाजाराला अधिक नाचविते, हे धान्यबाजारात वावरलेल्या कोणासही सांगावे लागणार नाही. दोष एका खात्यात होता आणि त्याची किंमत मोजली ती शेकडो मैलांवरील गिऱ्हाइकाने.

आपल्या देशातही हे वारे पोहोचलेले आहे. २०१९ साली कुडनकुलम अणुवीज प्रकल्पासंबंधी अशीच वार्ता पसरली. प्रथम तिचा इन्कार करण्यात आला आणि दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबर रोजी, प्रशासकीय कामाच्या एका संगणकात विषारी आज्ञावली सापडल्याचे अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले. अणुभट्टीच्या नियंत्रणाशी त्या संगणकाचा संबंध नव्हता, असाही खुलासा झाला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकल गाड्या थांबल्या. त्यामागे घातपात असण्याचा संभव महाराष्ट्राच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी पुढे बोलून दाखविला. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. यात कोण बरोबर हे ठरविण्याचा माझा अधिकार नाही. परंतु दोन जबाबदार मुखांतून दोन निराळी उत्तरे आली की सामान्य माणसाचा विश्वास डळमळतो, एवढे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक वीज-ग्राहकास आहे.

येथे मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. दोष सापडल्यास तो झाकावा की सांगावा? दोष जाहीर केला तर चोराला वाट सापडेल, असे पुष्कळांचे म्हणणे असते, आणि वर सांगितलेले रिलेचे उदाहरण ते आपल्या बाजूने देतील. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. म्हणूनच जगात एक रीत रूढ झाली आहे. दोष शोधणाऱ्याने तो प्रथम खाजगीरीत्या उत्पादकास कळवावा, दुरुस्तीसाठी वाजवी मुदत द्यावी, आणि दुरुस्ती तयार झाली की दोषास क्रमांक देऊन तो सर्वांस जाहीर करावा. अशी क्रमवार यादी १९९९ पासून ठेवली जात आहे आणि आपल्याकडे सर्ट-इन ही सरकारी संस्था अशा सूचना प्रसिद्ध करते. प्रसिद्ध झालेली दुरुस्ती ज्याने बसविली, त्याच्यापुढे चोराचे ते हत्यार बोथट होते. नुकसान होते ते जाहीर करण्यामुळे नव्हे, तर जाहीर झाल्यावरही हातावर हात ठेवून बसण्यामुळे. उलट झाकलेला दोष चोराला आज ना उद्या कळतोच. अंधारात राहतो तो केवळ गिऱ्हाईक.

धान्याच्या व्यापारात पोते टोचून नमुना हातावर घेता येतो. दाणा किडका असेल, ओलसर असेल, तर तो बोटाला कळतो. सॉफ्टवेअर हा माल मात्र शिवलेल्या पोत्यातून येतो आणि घेणाऱ्याला आत हात घालता येत नाही. ज्या मालाची पारख गिऱ्हाइकाला करता येत नाही, त्या मालाविषयी खरे बोलण्याची विक्रेत्याची जबाबदारी दुप्पट होते. २०२२ साली फोरस्काउट या संस्थेच्या संशोधकांनी दहा उत्पादकांच्या औद्योगिक साधनांत मिळून ५६ दोष दाखविले. त्यांतील कित्येक चुकून राहिलेले नव्हते; मूळ घडणीतच सुरक्षेचा विचार झालेला नव्हता. तेव्हा मालाच्या पाकिटावर जशी घटकांची यादी असते तशी यादी सॉफ्टवेअरबरोबरही मागितली पाहिजे. सर्ट-इनने २०२४ साली याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्याच वर्षी संमत झालेल्या युरोपीय कायद्याने, ज्या दोषाचा प्रत्यक्ष गैरफायदा घेतला जात आहे तो चोवीस तासांत कळविण्याचे बंधन उत्पादकांवर घातले आहे. हीच दिशा योग्य होय.

वीज कंपन्यांची अडचणही समजून घेतली पाहिजे. दुकानातील संगणक रात्री बंद करून दुरुस्त करता येतो. वीजकेंद्र तसे थांबविता येत नाही. यंत्रे वीस-वीस, तीस-तीस वर्षे चालतात आणि घाईने बसविलेली दुरुस्तीच कधी अपघातास कारण होते. परंतु दुरुस्ती लगेच शक्य नसेल तेथे नियंत्रणाचे जाळे कचेरीच्या जाळ्यापासून तोडता येते, किल्ली काढून कपाटात ठेवता येते, जुनी खाती बंद करता येतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२१ साली याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ती कागदावर न राहता खरेदीच्या निविदेत उतरली पाहिजेत. जो सर्वांत स्वस्त तोच उत्तम, हा न्याय कुलपाच्या खरेदीस लावीत नाहीत.

संगणकच नकोत, असे म्हणणारेही काही आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. सूर्य आणि वारा यांपासून होणारी वीज क्षणोक्षणी कमी-अधिक होते आणि तिचा मेळ घालणे केवळ हाताने शक्य नाही. परंतु इलेक्ट्रॉनिक काटा आला म्हणून जुना तराजू मोडीत काढू नये, हे शहाणपण येथेही लागू आहे. युक्रेनची वीज काही तासांत परत आली, ती हाताने ब्रेकर लावता येत होते आणि ते लावणारी माणसे कामावर होती म्हणून. अशा जाणत्या कामगारांची संख्या खर्चाच्या नावाखाली घटविणे, ही माझ्या मते सर्व दोषांहून मोठी उणीव ठरेल. कारण तिच्यावर कोणतीही कंपनी दुरुस्ती धाडणार नाही.

शेवटी आपल्या स्वतःच्या कर्तव्याविषयी. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांच्या छपरांवर सौर वीज आणण्याची योजना सुरू झाली. आपल्यापैकी अनेकांच्या गिरणीच्या वा घराच्या छपरावर ही साधने आलीही असतील. त्यांतील इन्व्हर्टर मोबाइलवरून चालतो, म्हणजेच तो बाहेरच्या जाळ्याशी जोडलेला आहे. मार्च २०२५ मध्ये संशोधकांनी तीन मोठ्या उत्पादकांच्या सौर साधनांत ४६ दोष दाखविले. एक इन्व्हर्टर बिघडला तर एका घराचे नुकसान. पण हजारो इन्व्हर्टर एकाच क्षणी कोणी बंद केले तर संबंध वीजजाळ्यास धक्का बसेल. म्हणजे छपरावरील या पेटीचे कुलूप आपल्यापुरतेच नाही, ते शेजाऱ्याचेही आहे.

म्हणून सभासद बंधुभगिनींस माझी विनंती आहे. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द त्याच दिवशी बदलावा. यंत्र बसविणाऱ्याकडे दुरून आत येण्याची किल्ली राहते काय, हे लेखी विचारावे. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते त्याच दिवशी बंद करावे. दोष आढळल्यास किती दिवसांत कळविणार व किती वर्षे दुरुस्ती पुरविणार, हे खरेदीच्या कागदावर लिहून घ्यावे. घुसखोरी झाल्यास अब्रूच्या भयाने ती दडपू नये. २०२२ च्या आदेशानुसार ती सहा तासांत सर्ट-इनला कळवावयाची असते. एकट्या-दुकट्या गिऱ्हाइकाचे मोठे उत्पादक ऐकणार नाहीत हे खरे. परंतु आपल्या संघटनेने एक सामायिक अटींचा मसुदा करून सर्व सभासदांनी त्याच अटींवर माल घेतला, तर त्यांना ऐकावे लागेल. ज्या मालात खोट आहे त्याची खोट सांगूनच तो विकावा, हा नियम बाजारात आपण पाळतो. तोच नियम आपल्याला माल विकणाऱ्यांकडून पाळून घेण्यास आपण संकोच का करावा?