‘पक्षपाती’ सचिव

वाचकहो, सरकारी अधिकाऱ्याने निःपक्ष असावे, असे आपणांस नित्य ऐकविले जाते. ज्या गावात विहीरसुद्धा निःपक्ष नाही, तेथे हा निःपक्षपणा कोणाच्या पदरात पडतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

पी. एस. कृष्णन हे १९५६ च्या तुकडीचे, आंध्र प्रदेशातील सनदी अधिकारी. जन्माने ते अस्पृश्य नव्हते. पण दौऱ्यावर मुक्काम दलित वस्तीत टाकीत व तेथेच बसून कामकाज पाहत. याबद्दल वरिष्ठांनी गोपनीय अहवालात शेरा मारला : अनुसूचित जातींविषयी फाजील पक्षपात! शिवाय हे गृहस्थ गावकामगारांपेक्षा गावकऱ्यांच्या शब्दावर विसंबतात, हाही दोषच ठरला. सामाजिक संशोधन म्हणतात ते याहून निराळे काय असते?

त्या पक्षपाताचे फळ पाहा. अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना त्यांनी गृहमंत्रालयात असताना आकारास आणली. १९९० साली ते कल्याण मंत्रालयाचे सचिव असताना बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान देणारा कायदा झाला. १९५६ च्या दीक्षेनंतर तब्बल ३४ वर्षांनी! गावाने आपणांस पाणवठ्यावर घेतले नव्हते. केंद्राच्या दप्तरात मात्र आपली अस्पृश्यता एका दिवसात संपली होती.

कृष्णन २०१९ साली वारले. आज आपलीच शिकलेली मुले सचिवालयांत व संशोधन संस्थांत अहवाल लिहितात. त्यांना घरी आल्यावर एवढेच विचारा : बाबा, शब्द कोणाचा घेतलास, तलाठ्याचा की वस्तीचा?