वळू बदलणाऱ्यांचे शहाणपण

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा जनावरांच्या बाजारात पहिली नजर जाते ती रंगावर. कंधार-मुखेडकडची लाल कंधारी गर्द लालच हवी. लातूर जिल्ह्यातील देवणीचे तर रंगावरून तीन प्रकार मानतात: तोंडाच्या बाजूंना काळा असलेला वानेरा, अंगभर काळे-पांढरे ठिपके असलेला शेवरा आणि बहुतांशी पांढरा बाळंक्या. पण जाणता पशुपालक रंगावर थांबत नाही. तो खूर पाहतो, कास पाहतो, आईचे दूध विचारतो. गावच्या वळूच्या कालवडी माजावर येऊ लागल्या की तो वळूच बदलतो. बापाकडून लेक फळू नये, एवढी साधी काळजी त्यामागे असते.

शहरातल्या पाळीव प्राण्यांच्या बाजारात मात्र हे शहाणपण मागे पडले आहे. तिथे दुर्मीळ रंगालाच भाव. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या जंगलातला शुगर ग्लायडर हा निशाचर प्राणी मुळात राखाडी, पाठीवर काळा पट्टा असलेला. त्याची पांढरी पिल्ले महाग विकली जातात. हा पांढरा रंग सुप्त जनुकामुळे येतो. तो दिसायचा तर आई आणि बाप दोघांकडून तेच जनुक पिल्लाला मिळावे लागते. असे जनुक थोड्याच प्राण्यांत असते, म्हणून झटपट पैसा हवा असणारा भावाबहिणीची किंवा बापलेकीची जोडी लावतो. रंग मिळतो, पण त्याच रक्तातले इतर सुप्त दोषही त्याबरोबर जोडीने वर येतात.

कधी कधी तर रंगाचे जनुकच घात करते. कुत्र्यांमधला ‘मर्ल’ हा निळसर-राखाडी ठिपक्यांचा रंग सध्या आवडीचा आहे. आई-बाप दोघेही मर्ल असले तर सरासरी चारांतल्या एका पिल्लाला ते जनुक दोन्हीकडून मिळते. अशी पिल्ले बरीचशी पांढरी असतात आणि त्यांतली अनेक बहिरी किंवा आंधळी निघतात. विकत घेणाऱ्याला फक्त देखणे पांढरे पिल्लू दिसते. पुढे त्याची आबाळ होते आणि शेवटी ते रस्त्यावर येते.

कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांनी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, असे २०१७ चे केंद्रीय नियम सांगतात. आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. हे नियम कागदावर राहू नयेत, यासाठी ग्राहकानेच नोंदणी विचारली पाहिजे, पिल्लाचे आई-बाप दाखवायला सांगितले पाहिजे. आणि पिल्लू कुठल्याही रंगाचे असो, रेबीजची लस चुकवता कामा नये.

पण हा हिशेब गोठ्यापाशी आणि पिंजऱ्यापाशी संपत नाही. मराठवाड्यात मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे. काही घरांत मामा-भाचीचेही लग्न होते. आत्ते-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात, मामा-भाचीची एक चतुर्थांश. यात कुणाला दोष देण्याचे कारण नाही, आणि नात्यातल्या लग्नांतून जन्मलेली बहुतेक मुले निरोगीच असतात. मात्र सर्वसाधारण जोडप्यांच्या मुलांत जन्मजात दोषाचा धोका २ ते ३ टक्के असेल, तर सख्ख्या आत्ते-मामे भावंडांच्या मुलांत तो साधारण दुप्पट होतो.

थॅलेसेमियाचे उदाहरण घ्या. आई-वडील दोघेही वाहक असले, तरी त्यांना स्वतःला काहीही त्रास नसतो. पण प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही. आजाराचे गंभीर रूप घेऊन आलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. सरकारी रुग्णालयात रक्ताच्या पिशवीची वाट पाहत बसलेल्या आईला ‘हे आधी कळले असते का’ असे विचारावेसे वाटते. उत्तर ‘हो’ असे आहे. एचपीएलसी नावाच्या रक्ततपासणीने वाहक ओळखता येतो. नात्याबाहेरच्या जोडप्यांतही दोघे वाहक असू शकतात, म्हणून ही तपासणी सगळ्यांनीच लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला करून घ्यावी.

पत्रिका जुळवायला आपल्याकडे वेळ असतो, मानपानाला असतो. वळूचे रक्त बदलण्याची काळजी पिढ्यान्‌पिढ्या घेणाऱ्या या मातीला, एका रक्ततपासणीसाठी वेळ काढणे जड जाऊ नये.